दोन अमलांच्या सीमेवरील इन्साफ

बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैराग हा जुना व्यापारी कसबा आहे. ज्वारी, तूर आणि हरभऱ्याच्या उलाढालीवर येथील पेठ उभी राहिली, आणि संतनाथांच्या देवळाभोवती गावाचा संसार पिढ्यान् पिढ्या फिरत राहिला. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली व बार्शीचा व्यापार त्या अरुंद रुळांवरून कुर्डुवाडीमार्गे मुंबईशी जोडला गेला, तरी वैराग मात्र रस्त्याचेच गाव राहिले. माल, माणसे, पत्रे आणि वार्ता येथे गाडीरस्त्यानेच यावयाच्या. या गावाच्या इतिहासात जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र त्याच्या व्यापारात नसून त्याच्या भूगोलात आहे. बार्शी तालुका इंग्रजी अमलाचा एक तुकडा निजामाच्या मुलखात घुसावा तसा घुसलेला होता. उत्तरेस परांडा व भूम, पूर्वेस उस्मानाबाद आणि तुळजापूर हे सारे हैदराबाद संस्थानाचे तालुके. अलीकडे मामलेदार आणि फौजदार, पलीकडे तहसीलदार आणि अमीन. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. तुळजापूरच्या भवानीच्या दर्शनाला पायी निघालेला वैरागकर एका दिवसात एका राज्याच्या कायद्यातून दुसऱ्या राज्याच्या फर्मानात जात असे.

अशा सीमेवर राहणाऱ्या माणसाला राज्यकर्त्याचा न्याय दोन्ही बाजूंनी दिसतो, आणि त्या न्यायाविषयी छापून येणारा मजकूरही दोन्ही बाजूंनी वाचावयास मिळतो. राजकीय खटले, लोकांचे मोर्चे व सत्याग्रह, आणि त्यांचे वृत्त देणाऱ्या पत्रांचा पक्षपात हे विषय आज नव्याने निर्माण झाल्यासारखे बोलले जाते. परंतु १८९७ पासून १९५७ पर्यंतच्या साठ वर्षांत या परिसराने त्यांची जी रूपे पाहिली, ती ध्यानी घेतल्यावाचून आजच्या वादांचा विचार अपुरा राहील असे माझे मत आहे. मी स्वतः परंपरेचा, मर्यादेचा आणि कायद्याच्या सातत्याचा पक्षपाती आहे. जमावाच्या उत्साहावर माझा फारसा विश्वास नाही, आणि म्हणूनच ज्या सरकारने स्वतःच आपल्या कायद्याची मर्यादा ओलांडली त्याच्याविषयीही मला मुळीच ममत्व नाही.

या इतिहासाचा आरंभ पुण्याहून करावा लागतो. २२ जून १८९७ रोजी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, आणि त्यानंतर मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने शिवाजी उत्सवातील भाषणांचा आणि टिळकांच्या ‘केसरी’तील लेखनाचा या खुनाशी संबंध जोडणारा मजकूर छापण्यास प्रारंभ केला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरण्याचा निर्णय सरकारचाच होता हे खरे. परंतु ज्या वातावरणात तो घेतला गेला ते वातावरण घडविण्यात त्या पत्राचा हात होता. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राज्याविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती असा कलम १२४-अ चा अर्थ ज्यूरीला समजावून सांगितला. सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी ज्यूरर विरुद्ध गेले, आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हा अर्थ इतका व्यापक होता की, त्या अर्थाने मौन बाळगणारा प्रजाजनही आरोपी ठरू शकला असता. आणि पुढच्याच वर्षी सरकारने कलमात दुरुस्ती करून तो कायद्यात कायम केला. १९०८ साली न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे टिळक पुन्हा उभे राहिले, तेव्हा ज्यूरीत सात युरोपियन व दोन पारशी होते, आणि मतविभागणीही नेमकी तशीच, सात विरुद्ध दोन अशी झाली. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड ही शिक्षा २२ जुलैच्या रात्री ऐकविली गेली, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस कामबंद केले.

या दोन खटल्यांनी मराठी वाचकाच्या मनात एक पक्का ग्रह बसविला, आणि तो निराधार नव्हता: राजकीय खटल्यात आरोपीचे कृत्य तपासले जात नाही, त्याचा पक्ष तपासला जातो. हा ग्रह बसल्यानंतरची हानी दुहेरी होती. सरकारच्या न्यायावरचा विश्वास उडाला. त्याबरोबरच, आपल्या पक्षाच्या माणसाने खरोखर गुन्हा केला असेल तरी तो गुन्हा म्हणावा की नाही, याविषयीचा विवेकही हळूहळू सैल झाला. या दुसऱ्या हानीविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. सोलापूरच्या १९३० सालच्या घटनांत ती स्पष्ट दिसते, म्हणून तेथे थोडे थांबावे लागेल.

सोलापूर हे त्या काळी गिरण्यांचे शहर होते. १८७७ साली चालू झालेली ‘जुनी गिरणी’ आणि तिच्यामागून आलेल्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्यांनी आजूबाजूच्या तालुक्यांतील, आणि निजामाच्या मुलखातीलही, हजारो माणसांना शहरात ओढून आणले होते. दुष्काळी पट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा धाकटा मुलगा गिरणीत आणि थोरला रानात, अशी व्यवस्था बार्शी तालुक्यातील कित्येक घरांत होती. म्हणून सोलापुरात जे घडे त्याची झळ खेड्याला प्रत्यक्ष लागे. एप्रिल १९३० च्या अखेरीस व्हाइसरॉय आयर्विन यांनी छापखान्यांवरील वटहुकूम काढला आणि पत्रांकडून जामिनाच्या रकमा मागण्यास सुरुवात झाली. बातमीची अधिकृत वाट अरुंद झाली, आणि जेथे छापील शब्द पोचू शकत नाही तेथे अफवा पोचते, हा अनुभव त्या उन्हाळ्यात साऱ्या जिल्ह्याने घेतला. ५ मे रोजी गांधीजींना अटक होऊन त्यांना येरवड्यास नेण्यात आले. सोलापुरात हरताळ पडला, मिरवणुका निघाल्या, आणि ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी जमलेला समुदाय व पोलीस यांच्यात चकमक झाली. कलेक्टर नाइट जागेवर होते. गोळीबार झाला, आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण पहिला बळी पडला.

मल्लप्पा धनशेट्टी यांनी त्या क्षणी खवळलेल्या जमावाला आवरले आणि कलेक्टरच्या जिवावरचे संकट टळले, असे सोलापुरात आजवर सांगितले जाते. ही आठवण शहराने इतक्या आग्रहाने जपली आहे, यातच त्या शहराच्या नीतिबुद्धीची खूण मला दिसते. आपल्या हुतात्म्याचे सर्वांत मोठे भूषण म्हणून लोकांनी त्याच्या हातून वाचलेला शत्रूचा प्राण सांगावा, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु जमाव सगळा एका माणसाच्या शब्दात राहत नाही. गोळीबाराची वार्ता शहरात पसरली तसा मंगळवार पेठेतील पोलीस चौकीवर हल्ला झाला, चौकी पेटली, पोलीस मारले गेले, आणि न्यायालयाच्या इमारतीलाही आग लावण्यात आली. मारले गेलेले पोलीस कोणत्या दूरदेशीचे नव्हते. गणवेशाखाली तेही याच मुलखातल्या घरांतून आलेले पगारी शिपाई होते. त्यांच्या मागेही बायका-मुले होती, आणि त्यांच्या मृत्यूचा उल्लेख आपल्या स्मृतिग्रंथांतून एका ओळीत उरकला जातो हे मला न्याय्य वाटत नाही. गोळीबार अन्याय्य होता असे मानले तरी चौकी पेटवून माणसे मारणे याला प्रतिकार म्हणता येत नाही. जे राष्ट्रीय पक्षाचे म्हणवून घेतात त्यांनीच हे आधी म्हटले पाहिजे, कारण इतरांनी म्हटल्यास त्याला शत्रूची निंदा समजले जाते.

त्यानंतर जे तीन-चार दिवस आले त्यांविषयी दोन परस्परविरुद्ध दंतकथा रूढ आहेत. पोलीस शहर सोडून गेले होते, सरकारी अंमल उरला नव्हता. अँग्लो-इंडियन पत्रांनी या दिवसांचे वर्णन गुंडांचे राज्य म्हणून केले, तर पुढे काही साम्यवादी लेखकांनी त्यांना पॅरिसच्या कम्यूनच्या पंक्तीत नेऊन बसविले. दोघांनाही आपापल्या सिद्धांताला सोयीचे सोलापूर हवे होते. प्रत्यक्षात काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवर पहारे ठेवले, रहदारीची व्यवस्था पाहिली, आणि शहराचे नित्याचे व्यवहार चालू राहतील असा प्रयत्न केला. व्यापारी, वकील, कामगार, हिंदू, मुसलमान, लिंगायत, पद्मशाली, अशा सर्व थरांतील माणसे त्यात होती. हे क्रांतिकारक राज्य नव्हते आणि अराजकही नव्हते. सरकार नाहीसे झाल्यावरही शेजारधर्म नाहीसा होत नाही, समाजाच्या अंगभूत व्यवस्था काही काळ तरी त्याला सावरून धरतात, याचा तो पुरावा होता. परंपरेवर विश्वास असणाऱ्या माणसाला या पुराव्याचे मोल क्रांतीच्या कोणत्याही घोषणेपेक्षा अधिक वाटावे.

१२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. जो कायदा पेटलेल्या चौकीच्या नावाने आला त्याने शिक्षा कोणाला केल्या ते पाहिले म्हणजे राजकीय न्यायाचा स्वभाव उघड होतो. नगरपालिकेच्या इमारतीवरील राष्ट्रध्वजापायी नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांना शिक्षा झाली. बार्शी तालुक्याचे तुळशीदास जाधव, जे पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांत गणले गेले, त्यांना शिक्षा झाली. सेठ रामकृष्ण जाजूंसारखे प्रतिष्ठित काँग्रेस पुढारी तुरुंगात गेले. ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना लष्करी न्यायालयाने दोषी ठरविले. निशाण लावणे, टोपी घालणे, मजकूर छापणे आणि माणूस मारणे ही कृत्ये एकाच तराजूत घातली गेली, आणि ज्यांच्या हातात तराजू होता ते न्यायाधीश नव्हते, लष्करी अधिकारी होते. हिंदुस्थानात लष्करी कायद्याचा अनुभव नवा नव्हता. १९१९ साली पंजाबने आणि १९२१ साली मलबारने तो घेतला होता. तरीही पंजाबच्या त्या कारभाराची हंटर समितीपुढे चौकशी होऊन, त्याविषयी विलायतेच्या पार्लमेंटात वाद झाल्यानंतर, केवळ दहा-अकरा वर्षांनी तोच मार्ग पुन्हा अवलंबिला जावा, यावरून सरकारने त्या चौकशीतून काय घेतले हे दिसते. सोलापूरच्या लष्करी कायद्याच्या वैधतेचा प्रश्न पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयासमोर चर्चिला गेला. साधी न्यायालये लष्करी सत्तेच्या कृत्यांची तपासणी करू शकतात, एवढे तत्त्व जरी जिवंत राहिले तरी त्या राज्यातील प्रजेच्या दृष्टीने तो मोठा आधार होता.

ज्यात चौघांना फाशी झाली तो खटला मात्र याहून निराळा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्यावर पोलिसांच्या खुनाच्या प्रकरणात खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, वरिष्ठ न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघेही फासावर गेले. चौघांत कुर्बान हुसेन सर्वांत लहान, विशीतला. तो गिरणीतला माणूस होता आणि ‘गझनफर’ नावाचे साप्ताहिक चालवीत असे. म्हणजे मरणाऱ्यांत एक संपादकही होता. त्याच तुरुंगात त्या दिवशी गांधीजी बंदिवान होते. त्यांची सुटका दोन आठवड्यांनी, २६ जानेवारीस झाली, आणि ५ मार्चच्या गांधी-आयर्विन करारान्वये हजारो सत्याग्रही सुटले. कलेक्टर नाइट यांची पुढे बढती होत गेली. १९४६ साली ते मद्रास, आणि त्यानंतर ब्रह्मदेश यांचे हंगामी गव्हर्नर झाले. सोलापूरचे चौघे मात्र त्या कराराची वाट पाहू शकले नाहीत.

खटल्याविषयी त्या वेळी जे छापून आले त्यात मूळ प्रश्न कोणीच नीट विचारला नाही, हे माझे मोठे शल्य आहे. इंग्रजधार्जिण्या पत्रांना आरोपींचा अपराध आधीच सिद्ध वाटत होता, कारण पोलीस मेले होते आणि कोणाला तरी त्याबद्दल मरणे भाग होते. राष्ट्रीय पत्रांना आरोपींचे निरपराधित्व आधीच सिद्ध वाटत होते, कारण ते देशभक्त होते. वास्तविक प्रश्न पुराव्याचा होता: शेकडो लोकांच्या जमावात कोणी काय केले हे कोणी पाहिले, पाहणाऱ्याने ओळख केव्हा पटविली, आणि ज्या शहरावर सात आठवडे लष्कराचा अंमल होता तेथील साक्षीदार निर्भयपणे जबानी देऊ शकला काय? ज्याने कलेक्टरला वाचविले असे सांगितले जाते त्याच्यावरच खुनाचा आरोप सिद्ध व्हावा, ही एकच बाब बारकाईच्या उलटतपासणीची मागणी करणारी होती. आरोपीच्या पक्षाकडे न पाहता हा प्रश्न विचारणारे एखादे पत्र असते, तर त्या चौघांच्या स्मृतीला आज जयजयकारापेक्षा अधिक टिकाऊ आधार लाभला असता. सोलापुरातील चार पुतळ्यांच्या चौकात दरवर्षी जानेवारीत हार घातले जातात. त्या हारांइतकेच त्या खटल्याच्या कागदांचे वाचन व्हावयास हवे.

आता सीमेपलीकडे वळू. निजामाच्या राज्यात खटल्याचा प्रश्न इतका सूक्ष्म नव्हता, कारण तेथे बोलण्याआधीच परवानगी घ्यावी लागे. गश्ती क्रमांक ५३ या परिपत्रकान्वये सरकारी मंजुरीवाचून जाहीर सभा घेता येत नसे; न्यायालयांची भाषा उर्दू, आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याला आपल्याविरुद्धच्या कागदात काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागे. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक १९३८ साली पुण्याहून काढले ते यामुळेच. निजाम सरकार एका नावाने बंदी घाली, ते दुसऱ्या नावाने अंक काढीत. बार्शी, वैराग, सोलापूर ही गावे अशा वेळी छापील शब्दाच्या आणि माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटा झाल्या. जे पलीकडे बोलता येत नसे ते अलीकडे बोलले जाई.

१९३८ साली तीन निरनिराळ्या प्रवाहांनी निजामाविरुद्ध सत्याग्रह केला. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली आणि तिचा सत्याग्रह ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन डिसेंबरात स्थगित झाला. उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल वसतिगृह आणि विद्यापीठ गमावले, आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. आणि आर्य समाज व हिंदू महासभा यांनी धार्मिक व नागरिक हक्कांसाठी आपले जथे पाठविले. आर्य परिषद त्याच डिसेंबरात सोलापूरला लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि पुढले कित्येक महिने सोलापूर हे त्या सत्याग्रहाचे ठाणे राहिले. पंजाब, संयुक्त प्रांत, राजपुताना अशा दूरच्या प्रांतांतून आलेली माणसे सोलापूरच्या स्थानकावर उतरून निजामाच्या तुरुंगाकडे निघत. ऑगस्ट १९३९ पर्यंत हजारो माणसे तुरुंगात गेली, आणि काही तेथेच मेली.

या चळवळीच्या वृत्तांतांत पक्षपात कसा शिरला ते लक्षात घेण्यासारखे आहे. निःशस्त्र माणसाने सभाबंदी मोडून तुरुंगात जाणे हे कृत्य एकच. पण ते स्टेट काँग्रेसच्या स्वयंसेवकाने केले की राष्ट्रीय, आणि आर्य समाजाच्या स्वयंसेवकाने केले की जातीय, अशी विभागणी काही राष्ट्रीय पत्रांनी सरसकट केली. हवन करण्याचा, देऊळ बांधण्याचा, प्रवचन देण्याचा हक्क मागणारा माणूस आपल्या नागरिकत्वाचाच हक्क मागत होता. त्याच्या कपाळावरच्या गंधामुळे त्याच्या हक्काचे मोल कमी होत नव्हते. परंपरानिष्ठ समाजाच्या गाऱ्हाण्याकडे आपल्या सुशिक्षित पत्रकारांनी संशयाने पाहण्याची जी सवय त्या काळात लावून घेतली तिचे परिणाम आपण अजून भोगतो आहोत. त्याच वेळी दुसरा दोषही नोंदविला पाहिजे. सत्याग्रहाच्या बाजूच्या काही पत्रांनी निजामाच्या अधिकाऱ्यांच्या जुलमाचे खापर तेथील साऱ्या मुसलमान प्रजेच्या माथी मारले. गावोगावचा मोमीन आणि अत्तार निजामाच्या दरबारात बसत नव्हता, तो याच पेठांतून पोट भरत होता.

१९४७ च्या ऑगस्टनंतर सीमा पेटली. नोव्हेंबरात भारत व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. पण निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे जथे गावे लुटू लागले, पलीकडील कुटुंबे बार्शी तालुक्यात आश्रयास येऊ लागली, आणि सीमेलगत स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या उभ्या राहिल्या. त्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे याच पट्ट्यात वावरलेला माणूस. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना, भारतात विलीन व्हावे असे लिहिल्यामुळे, रात्री घरी परतताना ठार मारण्यात आले. कुर्बान हुसेन आणि शोएबुल्ला खान या दोन मुसलमान संपादकांची नावे एकत्र घेतली जात नाहीत. एकाला इंग्रजांच्या न्यायालयाने फाशी दिले, दुसऱ्याला रझाकारांनी न्यायालयाशिवाय मारले. सोलापूर आणि हैदराबाद यांच्यामधल्या मुलखाने या दोघांनाही आपले म्हटले पाहिजे. १३ सप्टेंबर रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय सैन्याने नळदुर्ग घेतला आणि पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले.

येथवरची कथा आपल्या पुस्तकांतून अभिमानाने सांगितली जाते. तिच्यापुढचे पान मात्र बहुतेक ठिकाणी फाडलेले असते. ‘पोलीस कारवाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान प्रजेवर भयंकर अत्याचार झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्यांची पाहणी करून अहवाल दिला, आणि तो अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. उस्मानाबाद हा वैरागचा शेजारी. सीमेवरच्या गावांना हे माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. रझाकारांच्या प्रत्येक दरोड्याची बातमी ठळक अक्षरांत छापणाऱ्या आपल्या पत्रांनी त्या हिवाळ्यात मौन पाळले, आणि ते मौन मला ‘टाइम्स’च्या १८९७ मधील लेखांइतकेच दोषास्पद वाटते. अत्याचार करणारा आपल्या बाजूचा आहे म्हणून जी लेखणी थांबते, तिला सत्तेच्या पक्षपातावर बोट ठेवण्याचा अधिकार राहत नाही.

या काळोखात एक खटला असा आहे की, त्याच्याकडे पाहून मनाला धीर येतो. विजयानंतर कासिम रझवी हाती आला होता. लोकक्षोभ असा होता की, त्याला चौकात उभे करून मारले असते तरी फार थोड्यांनी निषेध केला असता. तसे घडले नाही. त्याच्यावर बीबीनगरच्या दरोड्याचा निश्चित आरोप ठेवून खास न्यायाधिकरणापुढे खटला चालला. त्याला वकील मिळाले, सात वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या न्यायाधिकरणाची कार्यपद्धती संविधानाला धरून होती काय हा प्रश्न १९५३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खास न्यायाधिकरणे मला तत्त्वतः मान्य नाहीत. परंतु त्यांच्यावरही साध्या न्यायालयाची नजर राहिली आणि अखेर शिक्षा गुन्ह्याला झाली, पक्षाला झाली नाही. मुदत संपल्यावर १९५७ साली तो सुटला आणि पाकिस्तानात गेला. अनेकांना ही सुटका सहन झाली नाही. मला ती नव्या राज्याची शोभा वाटते, कारण ज्याने आमचा छळ केला त्यालाही आम्ही आमच्या कायद्याहून एक दिवस अधिक कोंडले नाही.

स्ट्रेची, दावर, सोलापूरचे लष्करी अधिकारी, निजामाचे अमीन यांच्यापैकी कोणालाच हे जमले नव्हते. रझवीला ज्या मापाने न्याय मिळाला त्या मापाने धनशेट्टी आणि कुर्बान हुसेन यांचा खटला मोजला तर तो उणा पडतो, असा माझा निर्णय आहे. आणि त्याच मापाने मंगळवार पेठेतील जमाव आणि १९४८ च्या हिवाळ्यातील आपली माणसे मोजली तर तीही उणी पडतात.

या इतिहासाचे कितीतरी साहित्य अजून खाजगी घरांत पडून आहे. वैराग, बार्शी आणि आसपासच्या गावांतील जुन्या वाड्यांच्या माडीवर, वकिलांच्या दप्तरांत, पाटील-कुलकर्ण्यांच्या बस्त्यांत त्या काळचे अंक, नोटिसा, वॉरंटे, तुरुंगातून आलेली पत्रे आणि छावण्यांचे हिशेब वाळवीच्या स्वाधीन होत आहेत. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी ते सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या एखाद्या जुन्या ग्रंथालयास किंवा राज्याच्या पुराभिलेखागारास दाखवावेत. सत्याग्रह्यांच्या वारसांनी दाखवावेत, १९३० च्या पोलीस शिपायांच्या वारसांनी दाखवावेत, आणि उस्मानाबादेहून उठून गेलेल्या मुसलमान कुटुंबांपैकी जे कोणी अजून या मुलखात असतील त्यांच्याही घरी जाऊन कोणीतरी ते मागून आणावेत.